साडेसात एकरांचं दुकान: कार्फूरची फिलाडेल्फियातली पाच वर्षं

फेब्रुवारी १९८८ मध्ये फ्रान्सच्या कार्फूर कंपनीनं फिलाडेल्फिया शहराच्या ईशान्य टोकाला अमेरिकेतलं आपलं पहिलं दुकान उघडलं. क्षेत्रफळ ३,३०,००० चौरस फूट. आपल्या मापात सांगायचं तर साडेसात एकर, म्हणजे तीनशे गुंठ्यांच्या वर, आणि सगळं एका छपराखाली. पैसे घ्यायचे काउंटर साठच्या घरात. इकडून तिकडे चालत जाणं परवडेना, म्हणून काही कर्मचारी पायांत रोलर स्केट्स घालून फिरायचे. एवढी जागा चौकोनी धरली तर तिची एक बाजू पावणेदोनशे मीटर भरते. दारातून शिरून मागच्या कोपऱ्यातला जिन्नस उचलला आणि परत दाराशी आलात की चारशे मीटर चाल झाली, मैदानाची एक अख्खी फेरी.

१९९२ साली कंपनीनं डेलावेअर नदीपलीकडे, न्यू जर्सीतल्या व्होरहीज गावात दुसरं दुकान काढलं. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, दोन्हींना कुलूप लागलं. तोवर कार्फूर स्पेन, ब्राझील, अर्जेंटिना, तैवान अशा ठिकाणी झोकात चालत होतं. घाट्यात गेलेली, होतकरू, नवशिकी कंपनी नव्हती ती.

हे प्रकरण व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात तेव्हा उत्तर बहुतेक वेळा एका वाक्यात संपतं: दुकान फार मोठं होतं, अमेरिकन माणसाला एवढं चालायचं नव्हतं. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. चालायला लागतं म्हणून माणूस स्वस्त माल सोडत नाही. आमच्या गावात आठवडे बाजाराला लोक दोन-दोन कोस चालत यायचे. माझा जन्म किराणा दुकानातला, पुढे नोकरीही मालाच्या वितरणातलीच झाली, म्हणून असेल, पण मी या प्रकरणाकडे गल्ल्याच्या बाजूनं बघतो. कार्फूरनं अमेरिकेत दुकान नेलं, पण ते दुकान ज्यावर चालायचं त्या दोन गोष्टी फ्रान्समध्येच राहिल्या. एक, महागडा शेजारी. दुसरी, पुरवठादाराची उधारी.

डेटनची शाळा

गंमत अशी की ही कल्पना मुळात अमेरिकेचीच होती.

मार्सेल फुर्निए आणि डेफोरे कुटुंबातले भाऊ यांनी १९५९ साली आल्प्सच्या पायथ्याच्या अ‍ॅनसी गावात कार्फूरची स्थापना केली. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ चौफुली. त्यांचं दुकान चौफुलीवर होतं म्हणून हे नाव. त्या काळात फ्रान्समधले बरेच व्यापारी अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या डेटन शहरात एक शिबिर करायला जात. डेटनला एनसीआर ही गल्ल्याची यंत्रं बनवणारी कंपनी होती. आधुनिक दुकानदारी शिकवली की यंत्रं खपतील, असा तिचा साधा हिशेब. शिकवायला होते बर्नार्दो त्रुहियो, मूळचे कोलंबियाचे, बोलण्यात पटाईत. त्यांची वाक्यं फ्रेंच व्यापाऱ्यांनी तोंडपाठ केली होती. गाडी लावायला जागा नाही तर धंदा नाही. माल उंच रचा, भाव खाली ठेवा. नफ्याच्या समुद्रात तोट्याचं एखादं बेट असू द्या, म्हणजे दोन-चार जिन्नस इतके स्वस्त विका की गिऱ्हाईक त्यांच्यासाठी येईल आणि बाकीची पिशवी तुमच्याकडेच भरेल. हे शेवटचं तर आपल्याकडच्या कुठल्याही दुकानदाराला डेटनला न जाता कळतं. साखर कुणीच नफ्यासाठी विकत नाही.

फुर्निए आणि डेफोरे यांनीही हे धडे गिरवले. १५ जून १९६३ रोजी त्यांनी पॅरिसच्या दक्षिणेला सेंट-जनविएव्ह-दे-ब्वा इथे २,५०० चौरस मीटरचं दुकान उघडलं, बाहेर ४०० गाड्यांची सोय. एकाच छताखाली भाजी, मटण, कपडे, भांडी. फ्रान्समधलं पहिलं हायपरमार्केट म्हणून हेच ओळखलं जातं. अमेरिकन शिक्षकाचं ऐकून फ्रेंच विद्यार्थ्यानं असं काही बांधलं, जे खुद्द अमेरिकेत मिशिगनच्या मायरसारखे मोजके दुकानदार सोडले तर कुणी करत नव्हतं. पंचवीस वर्षांनी तोच विद्यार्थी शिक्षकाच्या गावी दुकान मांडायला निघाला.

फ्रान्समध्ये ते का चाललं

साठच्या दशकातला फ्रान्स डोळ्यासमोर आणा. गल्लीच्या तोंडाशी वाणी, पलीकडे पाववाला, त्यापुढे खाटीक, चीजचं दुकान वेगळं. प्रत्येकाचा खप थोडा, म्हणून प्रत्येकाचं मार्जिन जास्त. अशा बाजारात सगळं एकत्र आणि स्वस्त देणारा आला की तो काही विशेष न करताही जिंकतो. लोकांकडे नव्या गाड्या येत होत्या, शहराबाहेर जमीन स्वस्त होती. कार्फूरची स्पर्धा दुसऱ्या कार्फूरशी नव्हतीच, ती होती कोपऱ्यावरच्या महागड्या वाण्याशी.

त्या वाण्यांनी आरडाओरडा केला आणि सरकारनं त्यांचं ऐकलं. २७ डिसेंबर १९७३ चा रुआये कायदा आला. त्यानुसार १,५०० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान काढायचं तर स्थानिक समितीची परवानगी लागू लागली. छोट्या गावांसाठी मर्यादा त्याहून कमी. उद्देश लहान दुकानदाराला वाचवण्याचा. झालं असं की नवं हायपरमार्केट काढणं अवघड झालं आणि जी आधीच उभी होती त्यांच्या दाराशी प्रतिस्पर्धी येईनासा झाला. ज्यांच्याविरुद्ध कायदा केला त्यांनाच तो तटबंदीसारखा उपयोगी पडला. मात्र वाढायचं तर देशाबाहेर जाणं भाग होतं. कार्फूर १९७३ मध्येच स्पेनला गेलं, १९७५ ला ब्राझीलला, १९८२ ला अर्जेंटिनाला.

आता उधारीचं. याबद्दल प्रकरण अभ्यासांत फारसं लिहिलेलं नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्या दुकानात दर गुरुवारी बिस्किटांच्या डिस्ट्रिब्युटरचा माणूस यायचा. माल उतरवायच्या आधी मागच्या बिलाचे पैसे मागायचा. आठ दिवसांची मुदत, फार तर पंधरा. वडील गल्ल्यातून नोटा मोजून देताना पुटपुटायचे, कारण मागच्या आठवड्याचे निम्मे पुडे अजून फळीवरच असायचे. म्हणजे माल विकला जायच्या आधी आमचे पैसे बाहेर. लहान दुकानदार असा कायम स्वतःचं खेळतं भांडवल अडकवून बसलेला असतो.

कार्फूरचं गणित याच्या नेमकं उलटं होतं. फ्रान्समध्ये पुरवठादार मोठ्या साखळ्यांना दोन-दोन, तीन-तीन महिन्यांची मुदत देत. ही मुदत पुढे इतकी डोईजड झाली की २००८ साली फ्रान्सला कायदा करून ६० दिवसांची कमाल मर्यादा घालावी लागली. नुसता हिशेबापुरता आकडा घेऊ. दुकानात रोज एक लाखाचा माल येतो आणि तो सरासरी पंधरा दिवसांत विकला जातो. पुरवठादाराला पैसे द्यायचेत साठाव्या दिवशी. मधले पंचेचाळीस दिवस ते लाख रुपये तुमच्याजवळ. रोज असा लाख येत राहिला तर कुठल्याही क्षणी तुमच्या हातात पंचेचाळीस लाख दुसऱ्याचे, बिनव्याजी. त्यातून पुढची जमीन घ्या, पुढचं दुकान बांधा, नाहीतर बँकेत ठेवून व्याज खा. ब्राझीलमध्ये तर ऐंशीच्या दशकात महागाई अशी उसळली होती की आज रोख घ्यायची आणि महिन्यानं द्यायची, यातच अर्धी कमाई. भाव कमी ठेवायला कार्फूरला परवडत होतं ते या पैशामुळे. वरून किराणा दुकान दिसणारी ही वस्तू आतून बरीचशी पेढी होती.

(आपल्याकडे डीमार्टनं उलटा रस्ता धरला, तोही चालला. पवईला २००२ मध्ये पहिलं दुकान निघालं तेव्हापासून त्यांची ख्याती अशी की पुरवठादाराला पैसे लवकर द्यायचे आणि त्याबदल्यात भावात सूट घ्यायची. म्हणजे उधारी हाच एकमेव मार्ग आहे असं नाही. पण ज्या मार्गावर तुमची इमारत उभी आहे तो नव्या गावात आहे की नाही, हे आधी बघायला हवं.)

ईशान्य फिलाडेल्फिया, १९८८

आता हेच दुकान अमेरिकेत आणून ठेवू.

शेजारी कोण? अमेरिकेत १९६२ या एकाच वर्षी केमार्ट, टार्गेट आणि वॉलमार्ट यांची पहिली दुकानं उघडली होती. कपडे, भांडी, खेळणी स्वस्तात विकायचं काम हे लोक पाव शतक करत होते. खेळण्यांना टॉइज आर अस होतं, हातोडी-खिळ्यांना होम डेपो. १९७६ ला सॅन डिएगोत प्राइस क्लब सुरू झाला, १९८३ ला कॉस्टको आणि सॅम्स क्लब. पोत्यानं साखर आणि पिंपानं तेल घ्यायचं तर त्यांच्याकडे. आणि किराण्याला शहरभर सुपरमार्केटं: अ‍ॅक्मे, पाथमार्क, शॉपराइट. ही दर आठवड्याला वर्तमानपत्रातून भावांची पत्रकं टाकणारी, कुपनं कापून आणणाऱ्या गिऱ्हाइकाला आणखी सूट देणारी मंडळी. कुठलाही वाणी त्यांच्यासमोर आधीच मेलेला. महागड्या शेजाऱ्याला गिळून मोठं झालेलं दुकान इथे आलं, तेव्हा गिळायला शेजारीच उरला नव्हता. प्रत्येक कप्प्यात कुणीतरी आधीच स्वस्त होतं, शिवाय त्या एकाच कप्प्यात निष्णात होतं.

याचा घाव कुठे बसतो ते बघा. हायपरमार्केटची बांधणीच अशी की किराण्यावर जेमतेम सुटायचं आणि कपडे, टीव्ही, सायकली यांच्यावर कमवायचं. गिऱ्हाईक दुधाला येतं आणि शर्ट घेऊन जातं, ही आशा. पण ज्या बाईला शर्टासाठी चार चांगली दुकानं ठाऊक आहेत ती दूध घेते आणि जाते. तीनशे गुंठ्यांतला जो भाग कमावता असायला हवा, तोच ओस. दिव्यांचं बिल मात्र सगळ्या गुंठ्यांचं येतं, आणि झाडूही सगळीकडे मारावा लागतो.

चालण्याची तक्रार मला इथे पटते. आठवड्याच्या मोठ्या खरेदीला शनिवारी कुटुंब दोन तास घालवेल. पण मंगळवारी संध्याकाळी कामावरून येताना अंडी आणि पाव घ्यायचेत तर त्या दुकानाच्या विस्तीर्ण वाहनतळात गाडी लावून कोण आत शिरेल? त्या वेळचं नेहमीचं अमेरिकन सुपरमार्केट याच्या आठव्या हिश्शाएवढं असेल-नसेल. आठवड्यातले मधले पाच दिवस कार्फूरनं परक्याला देऊन टाकले.

उधारीचं काय झालं असेल ते सांगायला नको. अमेरिकेत जुनी चाल अशी की दहा दिवसांत पैसे दिलेत तर दोन टक्के सूट, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम. एका दुकानाच्या मालकाला कुणी नव्वद दिवस थांबणार नाही. फ्रान्समध्ये शेकडो कोटींचा माल उचलणारी कंपनी फिलाडेल्फियात इन-मीन एका दुकानाची गिऱ्हाईक होती, समोरच्या पाथमार्कपेक्षा कितीतरी लहान. वरचं गणित पुन्हा मांडा: माल विकायला पंधरा दिवस, कपड्यांना दोन-दोन महिने, पैसे द्यायचे दहाव्या नाहीतर तिसाव्या दिवशी. दुसऱ्याचे पंचेचाळीस लाख हातात असण्याऐवजी स्वतःचे लाखो फळीवर अडकलेले. पेढी गेली, उरलं फक्त दुकान. ते एकट्यानं एवढे कमी भाव पेलू शकत नव्हतं.

कामगारांचा प्रश्न आणखी वेगळा. फिलाडेल्फियाच्या किराणा धंद्यात संघटनेचं पाणी खोल होतं. १९८२ साली ए अँड पी या जुन्या साखळीनं तिथली दुकानं बंद केली तेव्हा कामगार संघटनेनं वाटाघाटी करून त्यातली बरीच 'सुपर फ्रेश' या नावानं पुन्हा उघडायला लावली होती. पगार थोडा कमी, त्या बदल्यात दुकानाच्या कारभारात कामगारांना मत आणि विक्रीत वाटा. अशा शहरात संघटनेशिवाय नोकरभरती करून कार्फूर उतरलं. दाराशी फलक घेऊन माणसं उभी राहिली. ईशान्य फिलाडेल्फिया ही पोलिसांची, सुतार-प्लंबरांची, कारखान्यातल्या फोरमनची वस्ती. संघटनेची रांग ओलांडून आत जायला तिथे अनेकांना घरातूनच मनाई. एकच दुकान असेल आणि त्याच्याच दाराशी धरणं असेल, तर गिऱ्हाइकाला दुसरीकडे पाठवायची सोयही राहत नाही.

आणि एक छोटी गोष्ट, जिचं मला फार हसू येतं. फ्रेंच हायपरमार्केटमध्ये वाइनचा विभाग म्हणजे घरचा देव. शरदात वाइनची जत्राच भरते. पेनसिल्व्हेनियात मात्र दारूबंदी उठल्यापासून वाइन आणि कडक दारू विकायचा हक्क राज्य सरकारच्या दुकानांनाच. किराणा दुकानात वाइनची बाटली ठेवता येत नसे. बिअर घ्यायची तर पुन्हा वेगळ्या वितरकाकडे, अख्ख्या खोक्यानं. साडेसात एकरांच्या फ्रेंच दुकानात वाइन नाही! नदीपलीकडच्या न्यू जर्सीतही मद्याचे परवाने एका मालकाला दोनच. पेनसिल्व्हेनियानं किराणा दुकानांना वाइनची वाट मोकळी केली ती २०१६ मध्ये, तीसुद्धा एका वेळी तीन लिटर, म्हणजे चार बाटल्यांपुरती. तोवर कार्फूरला जाऊन तेवीस वर्षं झाली होती. यामुळे दुकान बुडालं असं मी म्हणणार नाही. पण मांडणी जशीच्या तशी उचलून आणली की कुठे-कुठे भोकं पडतात, त्याचं हे दाखवता येईल असं उदाहरण.

बाकीचे

कार्फूर एकटं नव्हतं, युरोमार्शे, ओशाँ, लक्लेर या फ्रेंच साखळ्याही अमेरिकेत आल्या होत्या, आणि म्हणूनच तुलना करता येते.

सगळ्यात आधी आलं होतं युरोमार्शे, १९८४ साली, ओहायोतल्या सिनसिनाटीला, 'बिग्ज' नावानं. म्हणजे डेटनपासून गाडीनं तासाभरावर. ओशाँ १९८८ ला ह्यूस्टनमध्ये उतरलं. लक्लेर यांनी १९९१ मध्ये मेरीलँडच्या ग्लेन बर्नी इथे 'लीडमार्क' काढलं. तीन लाख चौरस फुटांच्या वरचं ते दुकान १९९४ मध्ये संपलं. अमेरिकन कंपन्यांनाही मोह आवरला नाही. केमार्टनं अटलांटाजवळ 'अमेरिकन फेअर' मांडलं. आणि वॉलमार्टनं डिसेंबर १९८७ मध्ये, कार्फूरच्या दोन महिने आधी, टेक्सासमधल्या गारलंडला 'हायपरमार्ट यूएसए'. वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांच्या डोक्यात हे शिरलं होतं ब्राझीलमधली कार्फूरची दुकानं पाहून. ओहायोतून अ‍ॅनसीला, अ‍ॅनसीहून ब्राझीलला, तिथून टेक्सासला, असा या कल्पनेचा प्रवास. वॉलमार्टनं अशी चारच दुकानं काढली आणि थांबलं. ही चूक होती असं वॉल्टन यांनी पुढे उघडपणे मान्य केलं.

यांत कोण टिकलं? बिग्ज. फ्रेंच मालक गेल्यावरही ती साखळी २०१० पर्यंत सिनसिनाटीत चालू होती. त्याचं आकारमान काही कमी नव्हतं, दोन लाख चौरस फूट. फरक असा की युरोमार्शेनं पहिल्या दिवसापासून सुपरव्हॅल्यू या मोठ्या अमेरिकन घाऊक व्यापाऱ्याला भागीदार घेतलं होतं. एका दुकानालाही माल शेकडो दुकानांच्या भावात आणि शेकडो दुकानांच्या ट्रकमधून मिळत होता. कार्फूरकडे तसा कुणी नव्हता. तैवानमध्ये १९८९ साली जाताना याच कार्फूरनं तिथल्या युनि-प्रेसिडेंट कंपनीला सोबत घेतलं, आणि तिथे त्याचं बस्तान बसलं. अमेरिकेतच एकट्यानं का जावंसं वाटलं, याचा मला उलगडा होत नाही. बहुधा ही आपलीच शाळा आहे, इथे वाटाड्या कशाला, असं वाटलं असावं. हा माझा तर्क.

ह्यूस्टनचं ओशाँही पंधरा वर्षं तगलं, २००३ पर्यंत. तिथल्या वस्तीत लॅटिन अमेरिकेतून, व्हिएतनाममधून, भारतातून आलेली माणसं पुष्कळ. ह्यूस्टनच्या जुन्या भारतीय कुटुंबांत त्या दुकानाची आठवण अजून निघते. जे नुकतेच देशात आलेत, ज्यांना कुठे काय स्वस्त मिळतं याची पक्की सवय लागलेली नाही, ज्यांना कोथिंबीर आणि ताजी मासळी एका ठिकाणी हवी आहे, त्यांना असं दुकान सोयीचं. शेजारी महाग नसला तरी शेजाऱ्याकडे आपल्याला हवं ते नसेल, तरी चालतं. हा धडा ईशान्य फिलाडेल्फियात लागू नव्हता.

वॉलमार्टनं मार्च १९८८ मध्ये, कार्फूर उघडल्यावर महिन्याभरात, मिझूरी राज्यातल्या वॉशिंग्टन नावाच्या छोट्या गावात आणखी एक प्रयोग केला. नाव सुपरसेंटर. हायपरमार्टपेक्षा बरंच लहान. मुख्य म्हणजे इथे कपडे-भांड्यांचा चालू धंदा आधी होता आणि त्याला किराणा जोडला होता. ट्रक धावत होते, गोदामं होती, पुरवठादार ओळखीचे. गिऱ्हाईक आठवड्यातून एकदा येत होतं ते किराण्यामुळे दोनदा यायला लागलं. कार्फूरनं वरून कळस आणला, यांनी पायावर मजला चढवला. पुढच्या पंधरा वर्षांत सुपरसेंटरच्या जोरावर वॉलमार्ट अमेरिकेतला सगळ्यात मोठा किराणा दुकानदार झालं. सगळं एका छताखाली ही कल्पना अमेरिकेनं नाकारली, असं जे म्हणतात त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कार्फूरला काय करता आलं असतं

व्होरहीजचं दुसरं दुकान यायला चार वर्षं लागली. मधल्या काळात घरी मोठी खरेदी चालू होती: १९९१ मध्ये कार्फूरनं युरोमार्शे ही साखळीच विकत घेतली. ती पचवण्यात माणसं आणि पैसा गुंतला. १९९२ ला दानिएल बर्नार हे नवे प्रमुख आले, आणि वर्षभरात त्यांनी अमेरिकेचा खेळ आटोपला. इटली आणि तुर्कस्तान १९९३ मध्येच, मेक्सिको १९९४, चीन १९९५ अशी त्यांची दिशा ठरली. यादी वाचली की कळतं, बहुतेक ठिकाणी अजून महागडा शेजारी शिल्लक होता.

एक रस्ता होता भागीदाराचा, तो वर आला. दुसरा, एका शहरात झटपट पाच-सहा दुकानं काढायचा, म्हणजे जाहिरातीचा, गोदामाचा, ट्रकचा खर्च वाटला जातो आणि पुरवठादारही जरा वाकून बोलतो. एका दुकानासाठी अख्ख्या फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात पानभर जाहिरात द्यायची तर पैसे सहा दुकानांएवढेच पडतात. पण साडेसात एकरांची सहा दुकानं म्हणजे चूक असली तर सहापट चूक. आकार निम्मा ठेवला असता तर हा पेच सुटला असता. निदान परीक्षा स्वस्तात झाली असती.

तिसरा रस्ता कार्फूरजवळ होताच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून त्यांच्याकडे कॉस्टकोचे भरपूर शेअर होते. पुढे ऑफिसचं सामान विकणारं ऑफिस डेपो आणि पाळीव प्राण्यांचं सामान विकणारं पेटस्मार्ट यांच्यातही त्यांनी पैसे घातले. एकेका कप्प्यात निष्णात असलेले हे सगळे. म्हणजे अमेरिकेत पैसा कुठे आहे, हे कंपनीच्या गुंतवणूक विभागाला नेमकं समजलेलं होतं, आणि त्याच वेळी दुकान काढणारी मंडळी त्याच लोकांशी एकाच छपराखाली एकदम लढायला उभी होती.

भारतातही कार्फूर आलं होतं. डिसेंबर २०१० मध्ये दिल्लीत घाऊक दुकान उघडलं, एकूण पाच झाली, २०१४ मध्ये बंद. महाराष्ट्रापर्यंत पोचलंच नाही. तिथली कारणं वेगळी, परकी गुंतवणूक आणि किरकोळ विक्रीचे नियम यांत गुंतलेली. ते स्वतंत्र प्रकरण आहे.

वॉलमार्टनं मात्र १९९७ मध्ये हेच नाटक उलट्या बाजूनं केलं. जर्मनीतली वेर्टकाउफ साखळी घेतली, मागोमाग आणखी दुकानं घेतली. दारात हसून स्वागत करणारे कर्मचारी, पिशव्या भरून देणारे, रोज कमी भावाची घोषणा. समोर अल्डी आणि लिडल या जर्मन साखळ्यांचे दुकानदार होते, चार भिंतींत हजारभर जिन्नस ठेवून दशकानुदशकं कुणालाही पुरून उरलेले. नऊ वर्षं तोटा सोसून २००६ मध्ये वॉलमार्टनं आपली ८५ दुकानं मेट्रो कंपनीला विकली. फिलाडेल्फियाचं दुकान बंद करणारे दानिएल बर्नार कार्फूरमध्ये आले होते ते याच मेट्रोतून.